सगळ्यात हळू जागेचा गिअर: सोलापूरच्या माळावर चालणाऱ्या गाडीसाठी स्प्रॉकेट आणि बाकीचे बदल

स्वस्तातली डर्ट बाइक मुरमाच्या चढावर दमली, की बहुतेक जण आधी सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलायला निघतात. पैसे जातात, आवाज वाढतो आणि गाडी त्याच चढावर तशीच दमते. यात इंजिनाचा दोष क्वचितच असतो. कारखान्यातून निघताना त्या गाडीचं गिअरिंग डांबरी रस्ता, मायलेज आणि टॉप स्पीड डोळ्यासमोर ठेवून ठरवलेलं असतं. माळावर पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरनं चालवायची वेळ आली, की तेच गिअरिंग उंच पडतं, म्हणजे इतक्या कमी वेगाला इंजिनाला गाडी ओढवत नाही. मग चालवणारा अर्ध्या क्लचवर गाडी ओढतो, प्लेटा जळतात आणि ऑइलला करपट वास येतो.

हे बदलायला लागतात दोन दातेरी चकत्या, म्हणजे स्प्रॉकेट, आणि एक चेन. पुढचं स्प्रॉकेट काही शेकड्यांत मिळतं. इतक्या कमी पैशात गाडीचा स्वभाव इतका बदलणारा दुसरा पार्ट नाही. म्हणूनच तो अंदाजानं न बसवता हिशेब करून बसवावा.

गाडी कोणती धरली आहे

आपल्याकडे परवडणारी डर्ट बाइक तीन वाटांनी येते. २०१९ मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स २०० ही पहिली वाट. १९९.६ सीसी, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, सस्पेन्शनची हालचाल पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर. दुसरी वाट म्हणजे २०११ मध्ये आलेली आणि आता फक्त जुन्या बाजारात सापडणारी १४९ सीसीची हिरो इम्पल्स, पुढे १९ आणि मागे १७ इंची चाकांची. तिसरी वाट सगळ्यात जास्त वापरातली: रोजची १०० ते १५० सीसीची गाडी घ्यायची, अनावश्यक वजन उतरवायचं आणि तिला रानात चालण्याजोगी करायचं. खालचा हिशेब तिन्हींना लागू आहे. छोट्या १२५ सीसी पिट बाइकलाही तो लागू होतो, फक्त चेनचा नंबर वेगळा असतो.

गुणोत्तर म्हणजे काय, आणि एक दाता किती मोठा

मागच्या स्प्रॉकेटचे दाते भागिले पुढच्याचे दाते, हे झालं फायनल गुणोत्तर. समजा तुमच्या गाडीला पुढे १३ आणि मागे ४० दाते आहेत. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढचं चक्र साधारण तीन वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. हा आकडा वाढला की चाकापर्यंत पोचणारी ओढ वाढते आणि त्याच आरपीएमला वेग कमी होतो. गिअरवाल्या सायकलवर चढ आला की आपण मागची मोठी चकती घेतो, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्प्रॉकेट बदलल्यानं ताकद वाढत नाही. इंजिन जेवढे हॉर्सपॉवर देतं तेवढेच देतं. बदलते ती ताकद कोणत्या वेगाला हाती लागते ती जागा.

१३/४० वरून निघालो तर पर्याय असे पडतात:

१४/४० : गुणोत्तर २.८६, ओढ ७ टक्के कमी. हा हायवेचा सेट, रानात नको.
१३/४२ : ३.२३, ओढ ५ टक्के जास्त.
१२/४० : ३.३३, ओढ ८ टक्के जास्त.
१३/४४ : ३.३८, ओढ १० टक्के जास्त.
१२/४२ : ३.५०, ओढ जवळपास १४ टक्के जास्त.
१२/४४ : ३.६७, ओढ १९ टक्के जास्त.

पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांएवढा असतो, हे यातून दिसतं. दोन्ही बाजूंना बदल करायला जाता तेव्हा हे ध्यानात असू द्या. 'पुढे एक कमी, मागे चार जास्त' ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यानं गाडी १९ टक्क्यांनी बदलते. डांबरी रस्त्यावर ज्या आरपीएमला ८० चा वेग मिळायचा, त्याच आरपीएमला आता ६७ मिळेल. तुळजापूरपर्यंतचे साधारण ४५ किलोमीटर रस्त्यानं जाऊन मग घाटाच्या आसपास चालवणाऱ्याला हा सेट नकोसा होईल. गाडी टेम्पोत घालून माळावर नेणाऱ्याला मात्र आवडेल.

निवड कशी करायची

टॉप स्पीड विसरा. तुम्ही नेहमी जाता त्या वाटेवरची सगळ्यात हळू जागा शोधा. सोलापूरच्या आसपास अशा जागा ठरलेल्या आहेत: सुटा, रवाळ मुरूम असलेला चढ, सीनेच्या कोरड्या पात्रातली वाळू, ओढ्याचा उभा काठ, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली पाणंद. तुमची गाडी कोणत्या वेगाला नीट चालली पाहिजे, हे हीच जागा ठरवते.

आधी सपाट मुरमावर एक साधी परीक्षा घ्या. इंजिन गरम करा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि रेस न देता गाडी चालू द्या. प्रायमरी गुणोत्तर (इंजिनापासून क्लचपर्यंतचं) ३.१, पहिला गिअर २.९, फायनल ३.०८, आयडल १५०० आरपीएम आणि मागच्या चाकाचा घेर २ मीटर धरला, तर वेग येतो ताशी साधारण ६.५ किलोमीटर. १२/४० केलं की तो ६ वर येतो, १२/४४ ला ५.५ वर. पायी चालणारा माणूस झपाझप चालला तर ६ च्या आसपास असतो. बाजूनं चालणारा मित्र मागे पडत असेल, तर दगडगोट्यांत तुम्हाला क्लच धरूनच चालवावं लागणार.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. त्या हळू जागेवर पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतं आणि दुसऱ्यात टाकलं की दम तुटतो, असं होतं का ते बघा. होत असेल तर मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून दोन आकडे घ्या. पहिला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न अडखळता ओढायला लागते तो सगळ्यात कमी वेग. दुसरा, त्या चढावर तुमचा प्रत्यक्ष वेग. समजा पहिला आकडा १८ आणि दुसरा १६.५. अठराला साडेसोळानं भागा: १.०९. म्हणजे ९ टक्के ओढ हवी. वरच्या पर्यायांत १२/४० देतं ८ आणि १३/४४ देतं १०. दोन्ही चालतील. इथे १९ टक्क्यांचा सेट घेतला तर दुसरा गिअर सोपा होईल, पण पहिला इतका छोटा होईल की सुट्या मुरमावर चाक नुसतं भिरभिरेल आणि गाडी जागेवर खड्डा करेल. ओढ हवी तेवढीच घ्यावी.

चार गिअरच्या १०० सीसी गाडीत दोन गिअरमधलं अंतर मोठं असतं, त्यामुळे तिथे १० ते १५ टक्क्यांचा बदलही जड जात नाही. पाच गिअरच्या २०० सीसीला ५ ते १० टक्के पुरतात.

आता टायरचा भाग, जो बहुतेकांच्या हिशेबातून निसटतो. मागे ९०/९०-१८ (रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १८ इंची) होता आणि तुम्ही १२०/८०-१८ चा बटणवाला टायर घातला, तर चाकाचा व्यास ६१९ वरून ६४९ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास ५ टक्के वाढ. चाक मोठं झालं की गिअरिंग उंच होतं. मागे वाढवलेले दोन दाते एकट्या टायरनं खाऊन टाकले. म्हणून आधी टायर ठरवा, मग स्प्रॉकेट. शिवाय रोजच्या गाडीच्या अरुंद रिमवर १२० चा टायर नीट बसत नाही, कडेची बटणं वर उचलली जातात आणि चेनला घासतात. अशा रिमला १०० किंवा ११० पर्यंतच थांबावं.

पुढचं की मागचं

पुढचं बदलणं स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. ते योग्यही आहे, पण त्याची किंमत चेन मोजते. दाते कमी झाले की चेनच्या प्रत्येक कडीला जास्त वळावं लागतं: १३ दात्यांवर सुमारे २७.७ अंश, १२ वर ३०, ११ वर ३२.७. दात्यांवरून जाताना चेनचा वेगही कमीजास्त होतो. हा फरक १३ दात्यांवर ३ टक्क्यांच्या आत असतो आणि ११ वर ४ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे थरथर वाढते, पिना आणि बुश लवकर झिजतात. चेन स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, जवळ येते आणि त्यावरचं रबरी पट्टीचं पॅड खायला लागते. तुमच्या गाडीला कंपनीनं १४ दिले असतील तर १३ खुशाल बसवा. १३ असतील तर १२ हा शेवट समजा. ११ च्या नादी लागू नका. त्यापेक्षा मागे दाते वाढवा.

मागचं मोठं केलं तर चेन आरामात वळते, पण चेन लांब लागते आणि चेन कव्हर काढावं किंवा कापावं लागतं. ४० वरून ४४ वर गेलं की स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे ८ मिलिमीटरनं वाढते. एवढी जागा आहे का, ते आधी पट्टी लावून बघा.

चाक किती सरकेल याचा हिशेबही सोपा आहे. ४२८ च्या चेनवर एका दात्यामागे एक्सल साधारण ३ मिलिमीटर हलतो. पुढचा एक दाता कमी केला तर चाक ३ मिलिमीटर मागे जाईल. बहुतेक वेळा अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा असते. मागे दोन दाते वाढवले तर चाक ६ मिलिमीटर पुढे येईल. मागे चार वाढवले तर दोन कड्या वाढवा, चाक जवळपास आहे तिथेच राहील. कड्या जोडीनंच वाढतात, कारण एक आतली आणि एक बाहेरची लागते. अर्धी कडी मिळते, पण रानात चालणाऱ्या गाडीला ती घालू नये.

दुकानात काय विचारायचं

फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही. जुनं स्प्रॉकेट काढून सोबत न्या. दात्यांचा आकडा त्यावर कोरलेला असतो. चेनवर ४२८, ४२० किंवा ५२० असा नंबर असतो. पहिला अंक दोन पिनांमधलं अंतर सांगतो: ४ म्हणजे १२.७ मिलिमीटर, ५ म्हणजे १५.८७५. उरलेले दोन अंक रुंदीचे असतात. ४२० आणि ४२८ चं अंतर सारखं आहे, पण ४२८ ची आतली रुंदी ७.९४ आणि ४२० ची ६.३५ मिलिमीटर. ४२० चं स्प्रॉकेट ४२८ च्या चेनमध्ये बसल्यासारखं वाटतं आणि डुगडुगत चालतं. हा घोटाळा सेकंडहँड गाड्यांत बऱ्याचदा सापडतो. नंबरापुढे एच असेल तर पट्ट्या जाड असतात. रानासाठी तीच घ्या.

दुसऱ्या मॉडेलचं पुढचं स्प्रॉकेट घेताना शाफ्टवरच्या खाचांची संख्या, आतला व्यास आणि चकतीची उंची (दाते शाफ्टवर किती आत-बाहेर येतात ती), तिन्ही जुळवा. खाचा जुळल्या आणि उंची २ मिलिमीटरनं चुकली, तर चेन तिरकी चालते, आतल्या पट्ट्या घासतात आणि एखाद्या उडीनंतर चेन उतरते. पुढच्या स्प्रॉकेटवरून उतरलेली चेन तिथेच गोळा होऊन इंजिनाचं केसिंग फोडू शकते. हा खर्च संपूर्ण चेन सेटच्या कित्येक पट असतो.

हव्या त्या दात्यांचं मागचं स्प्रॉकेट मिळालं नाही, तर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून ते कापून घेता येतं. कारागिराला नमुना द्या, धातू ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) सांगा आणि दाते कडक करून मागा. साध्या माइल्ड स्टीलचं चक्र दिसतं तसंच, पण धुळीत चालवल्यावर त्याचे दाते फार लवकर आकड्यासारखे वाकडे होतात.

जुनी चेन ठेवून नवं स्प्रॉकेट बसवू नका. चेन लांबली आहे का ते मोजा: ४२८ च्या २० कड्या, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून विसाव्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरतात. ताणून मोजल्यावर २५९ आले तर चेन संपली. लांबलेली चेन नव्या दात्यांना आपल्या मापाचं करून टाकते, आणि दोन्ही एकदम फेकायची वेळ येते.

बसवताना

पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन जागेवर असतानाच ढिले करा. गाडी गिअरमध्ये टाका, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगा आणि पाना फिरवा. चेन काढल्यावर शाफ्ट फिरत राहतो, बोल्ट सुटत नाही आणि मग हातोडा-छिन्नी निघते. कव्हरच्या आत साचलेला काळा चिखल आणि ग्रीस खरवडून काढा, ऑइल सील ओलं आहे का बघा. सील गळत असेल तर आत्ताच बदला.

मागचं चक्र बसवताना ड्रममधले रबरही काढून बघा. चाक धरून स्प्रॉकेट हातानं हलवलं आणि ते बरंच सैल फिरलं, तर रबर गेलेत. नव्या गिअरिंगवर झटके जास्त बसतात, आणि मेलेले रबर ते सगळे चेनवर सोडतात. बोल्टांना निळं थ्रेड-लॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं कसा, टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे द्या, लॉक वॉशरची कड दुमडा. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला हवं. उलटी बसलेली क्लिप काटकीला अडकून निघून जाते.

स्विंग आर्मवरच्या खुणांवर विसंबू नका. स्विंग आर्मच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. दोन्ही सारखं आलं की चाक सरळ.

आता चेनचा ढिलेपणा, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. रोजच्या गाडीला २० ते ३० मिलिमीटर सांगितलेले असतात आणि मेकॅनिक सवयीनं तेवढेच ठेवतो. लांब हालचालीच्या सस्पेन्शनला ते कमी पडतात. मागचं चाक वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी चेन सगळ्यात ताणलेली असते. दोघांना सीटवर बसवून किंवा बेल्टनं सस्पेन्शन दाबून गाडी त्या स्थितीत आणा आणि तिथे चेनमध्ये अजून १० मिलिमीटर ढील उरते का बघा. मग वजन काढा आणि त्याच सेटिंगवर मोकळ्या गाडीची ढील मोजून लिहून ठेवा. ती बहुधा ३५ ते ४५ च्या घरात निघते. हाच तुमच्या गाडीचा खरा आकडा. चेन ताठ ठेवली तर उडीवर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील मार खातात. पावसाळ्यात काळी माती दात्यांच्या फटीत भरते आणि चेन आणखी ताणते, म्हणून चिखलात अजून ५ मिलिमीटर ढील द्या.

काळी माती, फुफाटा आणि काटे

आपल्याकडच्या मातीसाठी गाडीत काही बदल असे करावे लागतात जे कोकणात किंवा पुण्याच्या डोंगरात तितके गरजेचे नाहीत.

पहिला, पुढचा मडगार्ड. रोजच्या गाडीचा मडगार्ड टायरला चिकटून असतो. ओल्या काळ्या रानात शंभर मीटर गेलं की त्यात माती गच्च भरते आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. गाडी चालू, मागचं चाक फिरतंय आणि पुढचं घसरत चाललंय, अशी अवस्था होते. मडगार्ड वर घ्या. खालच्या टी-प्लेटला (फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या पट्टीला) बसणारा उंच मडगार्ड मिळतो. नुसत्या स्पेसरनं भागवणार असाल तर टायरच्या बटणांपासून ५० मिलिमीटर मोकळे ठेवा. तरीही सप्टेंबरच्या परतीच्या पावसानंतर काळ्या रानात उतरू नये. वाफसा येईपर्यंत मुरमाच्या माळावर चालवावं. त्यात गाडीही वाचते आणि रानही.

दुसरा, काटे. वेडी बाभूळ ओढ्याकाठी आणि गावठाणाभोवती सगळीकडे आहे, आणि तिचा काटा रोजच्या टायरमधून सहज आरपार जातो. जाड ट्यूब घाला, तीत सीलंट बाटलीवरच्या मापानं भरा. सीलंट असेल तर वाटेत काटा उपसू नका, घरी आल्यावर बघा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. मोडलेलं टोक आतच राहिलं असेल तर नवी ट्यूब पहिल्याच फेरीला जाते.

हवा मातीप्रमाणे ठेवा. दगड मिसळलेल्या मुरमावर २० ते २२ पीएसआय, नदीच्या वाळूत १५-१६. यापेक्षा खाली गेलात तर टायर रिमवर घसरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटतो. तेवढी कमी हवा हवीच असेल तर आधी टायर रिमवर दाबून धरणारं रिम लॉक बसवा. डांबरावर चढण्याआधी कंपनीच्या आकड्याएवढी हवा भरा. त्यासाठी छोटा पंप आणि गेज जवळ ठेवणं आलं.

तिसरा, फुफाटा. एप्रिल-मे महिन्यात पाणंद रस्त्यावर पिठासारखी धूळ असते. फिल्टरच्या कडेनं ती आत गेली की पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासून काढते. गाडी धूर मारायला लागते तेव्हा वेळ गेलेली असते. फोमचा फिल्टर असेल तर केरोसीनमध्ये पिळून धुवा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवा, फिल्टर ऑइल लावून जादाचं दाबून काढा. पिरगाळू नका, फोम फाटतो. फिल्टर बसतो त्या कडेवर ग्रीसचा पातळ थर द्या. ऑइल लावलेला कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फिल्टर बॉक्सला भोकं पाडून 'हवा वाढवणं' इथे साफ चुकीचं आहे: मिश्रण पातळ होतं, एअर-कूल्ड इंजिन तापतं, आणि वर मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असतो.

चेनला ग्रीस किंवा जळकं ऑइल लावू नका. धूळ त्यात मिसळली की घासणारी लेप तयार होते. केरोसीन आणि ब्रशनं साफ करा, कोरडी पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं.

यानंतर पैसे कुठे घालायचे

टायर आणि गिअरिंग झाल्यावर पुढचा खर्च पकड आणि बचाव यावर करावा. दातेरी, रुंद फूटरेस्ट घ्या. रबरी फूटरेस्टवरून चिखलाचा बूट घसरतो. आडव्या पट्टीचा मजबूत हँडल आणि धातूचा आधार असलेले हँडगार्ड लावा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवा आणि त्यांचे क्लॅम्प जोर लावल्यावर फिरतील इतपतच कसा, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरेल. जुन्या क्लच केबलच्या शेजारी दुसरी नवी केबल आधीच टाकून ठेवा.

इंजिनाखालची प्लेट ३ ते ४ मिलिमीटर अॅल्युमिनियमची पुरते. इंजिन आणि प्लेट यांच्यात बोटभर जागा हवी आणि ऑइल काढायला भोक हवं. प्रत्येक फेरीनंतर प्लेटच्या आतला चिखल पाण्यानं काढा. तो वाळून विटेसारखा झाला की इंजिनाची उष्णता अडवतो.

सस्पेन्शनला नवे पार्ट घेण्याआधी आहे ते मोजा. गाडी स्टँडवर उचलून मागच्या एक्सलपासून वरच्या एखाद्या बोल्टपर्यंतचं अंतर घ्या, मग सगळं सामान घालून बसा आणि पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या जवळ असावा. १७० मिलिमीटरच्या गाडीत ५० ते ५७. जास्त आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवायचं सेटिंग, वाढवा. पुढच्या फोर्कमधलं ऑइल कित्येक गाड्यांत विकत घेतल्यापासून बदललेलंच नसतं. योग्य मापाचं ताजं ऑइल भरलं की अर्धी तक्रार तिथेच मिटते. आऱ्या महिन्यातून एकदा पान्यानं वाजवून बघा, बद्द आवाज करणारी आरी ढिली असते.

इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावा, किंवा लावूच नका. छोट्या गिअरिंगवर त्याच वेगाला आरपीएम वाढतात; ८ टक्क्यांच्या बदलात ५००० चे ५४०० होतात. म्हणून ऑइलची पातळी वरचेवर तपासा आणि ऑइल थोडं लवकर बदला. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर तोही तेवढाच जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दाखवेल. पुढच्या चाकातून केबल येत असेल तर फरक पडत नाही.

वजन उतरवताना रस्त्याचा कायदा ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. साडी गार्ड, आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट काढलेली किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेली गाडी सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून चालवत न्यायची नाही. अशी गाडी आणि पासिंग नसलेली पिट बाइक टेम्पोतूनच न्यावी. चालवायची ती मालकाला विचारून, पडीक माळावर. ज्वारी पेरलेल्या रानात आणि बांधावर चाक घालू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि त्याभोवतीच्या गवताळ माळावर तर मुळीच नको. पावसाळ्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे असतात आणि टायरखाली आलेलं अंडं चालवणाऱ्याला दिसतही नाही.

नवा सेट बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून स्प्रॉकेटचे बोल्ट, एक्सलचा नट आणि चेनची ढील पुन्हा तपासा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, त्यामुळे ढील वाढलेली सापडेल. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि चेन सर्वांत ताठ असलेल्या जागी तुम्ही लिहून ठेवलेला आकडा लावा.